काटा नेमकं काय मोजतो?

मंडळी, दिल्लीत जुळवलेला सराफी इलेक्ट्रॉनिक काटा तसाच मुंबईत आणा आणि त्यावर 100 ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवा. आकडा येईल 99.95. वजन झिजलेलं नाही, काटाही बिघडलेला नाही.

घोटाळ्याची सुरुवात आपल्या भाषेतच आहे. 'वजन' हा एकच शब्द आपण तीन गोष्टींना वापरतो: पदार्थ किती आहे त्याला, पृथ्वी त्याला किती जोराने ओढते त्याला आणि पारड्यात टाकायच्या लोखंडी ठोकळ्यालाही. भौतिकशास्त्रात पहिलं म्हणजे वस्तुमान, एकक किलोग्रॅम. दुसरं बल, एकक न्यूटन. 1 किलोग्रॅमच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंदाने वाढवणारं बल म्हणजे 1 न्यूटन. गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो तो आकडा, मुंबईत साधारण 9.786, दिल्लीत 9.791. म्हणून तोच किलो मुंबईत 9.786 न्यूटनने खाली ओढला जातो. फरक 0.06 टक्क्यांच्या आत, पण 100 ग्रॅम सोन्यावर तो सुमारे 51 मिलिग्रॅम होतो. जुन्या हिशेबात अर्ध्या गुंजेहून थोडं कमी! (तोळ्याच्या 96 गुंजा, आणि तो तोळा 11.664 ग्रॅमचा, हल्ली बाजारात 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात.)

दोन पारड्यांच्या तराजूला याची झळ लागत नाही, कारण दोन्ही बाजूंची ओढ सारखीच बदलते. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र बलच मोजतो. त्यातल्या लोडसेलचा, म्हणजे भार झेलणाऱ्या भागाचा, धातू भाराने किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि आतलं यंत्र त्याचे ग्रॅम करून दाखवतं. ते गुणोत्तर जिथे जुळवलं तिथलंच.

म्हणून काटा वापरायच्या जागीच जुळवायचा. आधी काट्याचे पाय फिरवून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा; काटा कलला तर ओढीचा काही भाग आडवा जातो आणि आकडा कमी येतो. अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. पंखा बंद. शून्य करून प्रमाणित वजन चिमट्याने ठेवा, बोटांचा तेलकटपणा मिलिग्रॅमच्या काट्यावर दिसतो. जुळवणी झाल्यावर तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा. कोपऱ्यागणिक आकडा बदलत असेल तर दोष लोडसेलमध्ये किंवा पारड्याच्या बैठकीत आहे, पुन्हापुन्हा बटण दाबून तो जाणार नाही.

एवढं करूनही भट्टीवरून नुकताच उतरवलेला दागिना हलका भरतो. त्याच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि पारड्याला उचलते. गार होऊ द्या, मग तोला.

हवेचा आणखी एक हात यात असतो, उत्प्लावक बलाचा: वस्तू जेवढी हवा बाजूला सारते, तेवढ्या हवेच्या वजनाइतकी ती वर ढकलली जाते. पोलादी वजनांनी जुळवलेल्या काट्यावर 1 किलो पाणी सुमारे 1 ग्रॅम कमी भरतं, कारण ते पोलादापेक्षा कितीतरी जास्त हवा बाजूला सारतं. सोन्याची घनता पोलादाहून जास्त, त्यामुळे ते उलट किंचित जास्त भरतं: किलोमागे 90 मिलिग्रॅमच्या आसपास.