सोनतळीला वैरण कोण देणार?

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरकराच्या हातात माईक द्यायचा आणि मागं पांढरा रस्सा उकळत ठेवायचा, हा अन्याय आहे. तरी बोलतो.

यंदा जूनमध्ये गावी गेलो तेव्हा लेकीनं मला एका नाटकाला नेलं. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात नाही. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि आपण इथं, गावापासून लांब बसून फोनवर त्या ज्वाळा बघत हळहळलो. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं थिएटर! तिथं तिकीट काढून शेवटचं नाटक कधी पाहिलं, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

तर हे नाटक एका शाळेच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या पोरांचं. पंचगंगेकाठच्या चिखलीतलं घर, २०१९ चा पूर. पुरापासून लांब म्हणून चिखलीकरांना सोनतळीला प्लॉट दिलेत, पण म्हातारी गाव सोडत नाही. म्हातारी म्हणते, २००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं, म्हशी सोडून मी येत नाही. अडकते. नाटक खलास. मग तेच नाटक पुन्हा पहिल्यापासून. आता प्रेक्षकांतल्या कुणीही 'थांबा' म्हणायचं, पात्राची जागा घ्यायची आणि शेवट बदलून दाखवायचा. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रुजवली. न जमणारा तोडगा काढला की सगळ्यांनी 'जादू!' असं ओरडायचं.

मी उठलो. उठणारच. म्हातारीचा मुलगा झालो आणि हवामानबदल, अलमट्टी धरण, नदीपात्रातली बांधकामं, सगळं म्हातारीला समजावलं. तरी हलेना, तेव्हा हेलिकॉप्टर मागवलं. अख्खा हॉल ओरडला, "जादू!" जागेवर आलो तर लेक म्हणते, "बाबा, तू भाषण केलंस. म्हशींचं काय ते बोललाच नाहीस."

मग दूध घालणाऱ्या एक बाई उठल्या, शेजारीण झाल्या. वाद घातलाच नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, एवढंच धरून म्हणाल्या, "राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालंय. ४३ ची वाट बघू नगं. म्हशींची दावी मी सोडते, सोनतळीला नेते. तू मागनं ये." म्हशी निघाल्या, म्हातारीही निघाली. तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, "सोनतळीला वैरण कोण देणार?"

नाटक परत थांबलं. पुढं सगळी चर्चा वैरणीवर! कुणाचा टेम्पो, कुणाचं ऊस-वाडं, पैसे कोण देणार. एरवी युद्ध, पूर, वणवे फोनवर बघून मी दिवसभर सुन्न असतो. तिथं नव्हतो. करण्यासारखं काहीतरी समोर होतं.

२०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर काय होतं? व्हिडिओ आणि जोडलेले हात. पैसे पाठवले, नाही म्हणत नाही. पण गणपतीत आपण काय करतो? तेच विनोदी नाटक, तेच तीन कलाकार, बाकीचे थेट जेवणाला. यंदा पोरांना चाळीस मिनिटं द्या आणि 'थांबा' म्हणायला उठा. फक्त भाषण करू नका, ते माझं खातं आहे.

लेकीचं ते वाक्य घरी अजून निघतं. माझी मावशी खरोखरच चिखलीत राहते. सोनतळीचा प्लॉट मोकळा आहे, मावसभाऊ पुण्यात. फोन केला की म्हणते, "पाणी अजून लई लांब हाय." ३९ फूट झालं तर तिच्या म्हशींची दावी सोडायला कोण जाणार, ह्यावर आमच्या घरी रोज भांडण आहे.