वटवट्याचं बेट

इथं आपली बोट किनाऱ्याला लावता येत नाही. कझिन बेटाची स्वतःची होडी येते, आपल्याला चढवून घेते आणि लाटेबरोबर थेट वाळूत घुसते. एवढा सगळा खटाटोप उंदरांच्या धास्तीनं. या बेटावर ना उंदीर आहेत ना मांजरं, आणि बाहेरच्या बोटीतून एखादी जरी गाभण उंदरीण उतरली, तरी उघड्यावर अंडी घालणाऱ्या इथल्या पक्ष्यांचं काही खरं नाही.

हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशाचं हे बेट जेमतेम २९ हेक्टरांचं. पायाखालचा ग्रॅनाइट मात्र सुमारे ७५ कोटी वर्षांचा.

विसाव्या शतकात इथलं रान तोडून माड लावले गेले. रान गेलं, तसे पानांवरचे किडेही गेले. त्या किड्यांवर जगणारा छोटासा पक्षी, सेशेल्स वटवट्या, इतर बेटांवरून आधीच नाहीसा झाला होता. १९६०च्या दशकात साऱ्या जगात तो फक्त इथं उरला, तोही तिसाच्या आत.

१९६८ साली आंतरराष्ट्रीय पक्षी संरक्षण परिषदेनं हे बेट विकत घेतलं. झाडं लावण्याचा मोठा घाट कुणी घातला नाही. खाली पडलेल्या नारळांना फुटलेले कोंब तेवढे काढत राहिले, आणि पिसोनिया या झाडांचं मूळचं रान आपलं आपण परतलं. एवढा धीर धरणं मला फार मोलाचं वाटतं.

पिसोनियाची ही बी जरा जवळून बघा. अंगावर चिकट काटे. पंखाला लागली की सहजी सुटत नाही. एखाददुसरी चिकटली तर पक्षी तिला दुसऱ्या बेटावर नेऊन पोचवतो. पिसं बियांनी भरून गेली, तर त्याला उडताच येत नाही आणि तो झाडाखालीच मरतो. पाहवत नाही. पण याच झाडाच्या उघड्या फांदीवर पांढरी सुरय आपलं एकुलतं अंडं घालते. घरटं नाही, खाली एक काडीसुद्धा नाही, फांदीतली एखादी खोबण पुरते. पिल्लू जन्मतं तेच घट्ट नख्या घेऊन. कितीही वारा सुटला तरी फांदी सोडत नाही. सुरयीच्या चोचीतून मासा निसटला, की खाली पाचोळ्यातल्या सापसुरळ्या धावत सुटतात.

पावसाळी महिन्यांत हॉक्सबिल कासवाच्या माद्या वाळूवर अंडी घालायला येतात. जगात बहुतेक ठिकाणी त्या रात्री येतात, इथं भर दिवसा.

आणि वटवट्या? कझिनवर त्याला जागा अपुरी पडू लागली. १९८८ साली २९ पक्षी अरीद बेटावर नेऊन सोडले. १९९०मध्ये शेजारच्या, जवळपास याच नावाच्या कझीन (Cousine) बेटावर, २००४मध्ये डेनिसवर, २०११मध्ये फ्रेगेटवर. आता तो पाच बेटांवर आहे, हजारोंच्या संख्येनं.

आत्ता ऐकू येतेय ती त्याचीच शीळ. त्या फांदीवर बघा, डावीकडे. पायात रंगीत कडी आहेत, अभ्यासकांनी घातलेली. मान वर करून तो पानाची खालची बाजू तपासतोय. एक किडा टिपला. आता पुढचं पान.