घरी सोडलेल्या पेशंटचा हिशेब

मंडळी, सीटवर बसून चालवायच्या इलेक्ट्रिक दुचाकीबद्दल मी आज बोलत नाहीये. पायाखाली अरुंद फळी, समोर दांडा, त्यावर हँडल आणि उभ्यानेच जायचं, ती ई-स्कूटर. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात २०१७ मध्ये ती भाड्याने मिळू लागली आणि दोन-तीन वर्षांत अनेक देशांतल्या फुटपाथांवर पोहोचली. पाठोपाठ कॅज्युअल्टीत पेशंट येऊ लागले.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन कॅज्युअल्टींमधल्या २४९ जखमींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४० टक्क्यांच्या डोक्याला मार, जवळजवळ ३२ टक्क्यांचं हाड मोडलेलं. हेल्मेट घातल्याची नोंद पाच टक्क्यांचीही नाही. आणि ९४ टक्के लोकांना तिथूनच घरी सोडलेलं. हा शेवटचा आकडा ऐकला की लोक निर्धास्त होतात. माझं भांडण त्याच्याशीच आहे.

कारण घरी सोडलेला पेशंट म्हणजे काय, ते पाहा. रात्री एकच्या सुमाराला एक तरुण येतो. हनुवटी फाटलेली, पुढचा दात हलतोय, मनगट सुजलंय, तोंडाला दारूचा वास. बोलतो, पण जरा गोंधळलेला. हा गोंधळ दारूचा की मेंदूला बसलेल्या माराचा? नुसतं बघून ते सांगता येत नाही. म्हणून सीटी स्कॅन. तिथे आधी स्ट्रोकचा पेशंट, म्हणजे थांबणं आलं. तोवर मानेला कॉलर, मनगटाचा एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन, जखमेतली खडी धुऊन टाके. हाड बसवायला गुंगीचं औषध द्यायचं तर एक डॉक्टर आणि एक नर्स त्याच्यापाशीच अडकले. सीटी नॉर्मल आली तरी शुद्ध पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत त्याला सोडता येत नाही. सकाळी तो घरी जातो, रजिस्टरमध्ये ‘डिस्चार्ज’ पडतो. ती खाट मात्र रात्रभर अडकलेली असते आणि पोटात दुखतंय म्हणून आलेल्या आजी बाहेर बाकावर.

आता हीच हाडं, हाच चेहरा का? चाक लहान असतं. मोठं चाक खड्डा ओलांडून जातं, लहान चाक त्यात बसतं. स्कूटर जागीच अडते आणि उभा माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हात वेळेत सुटला तर मनगट मोडतं, नाही सुटला तर तोंड आपटतं. वेग ताशी १५ वरून २५ किलोमीटर केला की अंगातली ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. सवय नसणं हाही भाग आहेच: अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात २०१८ साली झालेल्या पाहणीत एक तृतीयांश जखमी पहिल्याच फेरीत पडलेले होते.

आणि जे कधी स्कूटरवर चढलेच नाहीत, त्यांचं काय? कॅलिफोर्नियातल्या त्या २४९ जणांत २१ जण असे होते. कुणाला धडक बसली, कुणी वाटेत सोडलेल्या स्कूटरला अडखळलं. त्यात म्हातारं माणूस असलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, की साध्या पडण्यानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. खुबा मोडला तर ऑपरेशन आणि पुढचे कित्येक महिने.

उपायांबद्दल थोडक्यात. पॅरिसने एप्रिल २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या स्कूटर हटवल्या. मतदानाला आठ टक्केही लोक आले नव्हते, आणि स्वतःच्या मालकीच्या स्कूटर रस्त्यावर राहिल्याच. मला नॉर्वेतल्या ऑस्लोचा मार्ग अधिक पटतो: २०२१ मध्ये त्यांनी रात्री अकरा ते पहाटे पाच भाड्याची सेवा बंद केली. दारू, अंधार आणि अपुरा स्टाफ हे तिन्ही एकत्र येतात तेच हे तास.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२० पर्यंत उभ्या ई-स्कूटरच्या अपघाताला हॉस्पिटलच्या नोंदीत स्वतंत्र कोडच, म्हणजे इजेचं कारण लिहायचा ठरावीक क्रमांकच नव्हता. त्यामुळे माझी पहिली मागणी रस्त्याबद्दल नाही, केसपेपरबद्दल आहे. ‘पडून इजा’ एवढंच लिहू नका. किती वाजता, हेल्मेट होतं का, दारू घेतली होती का, स्कूटर भाड्याची की स्वतःची, एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. ते लिहिलेलं नसेल, तर रात्रीची बंदी लागू पडली की नाही हे पालिकेला कशावरून कळणार?