काउंटरच्या मागे

(दृश्य: नागपुरातली सीताबर्डी, सकाळ. शटर वर जाताहेत.)

बर्डीवर दुकानं उघडायची वेळ. मेट्रोतून, ऑटोतून उतरून पोरी लगबगीनं आपापल्या काउंटरमागे उभ्या राहतात. कपड्यांची, मोबाइलची, चपलांची दुकानं. कित्येक ठिकाणी माणसं दहासुद्धा नसतात. मालक, त्याचा भाऊ, दोन पोरं, दोन पोरी.

आज लिपस्टिक का नाही लावली, ही कुर्ती ढगळ दिसते, त्या गिऱ्हाइकाशी जरा हसून का नाही बोललीस. पोरगी आलेली असते साड्या विकायला, आणि मांडून ठेवलं जातं तिलाच. कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ असाही असतो.

(दृश्य: धंतोली. दवाखान्यांच्या पाट्या. चेहरे नाहीत.)

इथल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काम करणारी ताई आमच्याशी बोलली. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. काउंटर आणि मागचं कपाट यांच्यामध्ये दीड हात जागा. गल्ल्याकडे जायला दुसऱ्या बाजूनं मोकळी वाट आहे, तरी मालक तिच्या मागूनच जातो, अंग घासत. आता ती तिथे प्लास्टिकचा स्टूल आडवा ठेवते. रात्री मेसेज येतो, "डीपी मस्त." उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिच्या बिलांतल्या चुका काढल्या जातात.

घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "कायले बोभाटा करतं बाई, पगार तर चालू हाये नं?" आईला नावं ठेवणं सोपं आहे. घरभाडं त्याच पगारातून जातं.

(दृश्य: जुनी वृत्तपत्रं.)

राजस्थानात 1992 मध्ये बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरी देवी या सरकारी योजनेतल्या कार्यकर्तीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामाच्या जागचा लैंगिक छळ रोखण्यासाठी नियम घालून देणारा विशाखा निकाल दिला. 1999 मध्ये याच न्यायालयानं सांगितलं की लैंगिक छळ ठरायला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही. कायदा व्हायला मात्र 2013 उजाडलं.

(दृश्य: मिहान, नागपूरचा उद्योगांचा परिसर. मग पुन्हा बर्डीतल्या गल्ल्या.)

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. मिहानमधल्या मोठ्या कंपनीतल्या मुलीला निदान तेवढं माहीत असतं. बर्डीतल्या पोरीला वाटतं, तिच्यासाठी काहीच नाही. आणि हे साफ चुकीचं आहे. छोट्या दुकानांसाठी, घरकाम करणाऱ्या बायांसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. दुकानात गुमास्ता परवाना टांगलेला दिसतो, जीएसटीचा नंबर दिसतो. या समितीचा पत्ता आम्हाला त्या भिंतींवर दिसला नाही, आणि याचा राग यायला हवा.

शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा. आणि आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

ताईनं आम्हाला विचारलं, "अर्ज दिला तर त्याले कळन का?"

कळेल. अर्जाची प्रत त्याला जातेच. पण चौकशी चालू असताना तिला लेखी अर्ज करून तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि समितीनं दिलेली ती रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही.