संकष्टीचा चंद्र, उसाचा ट्रॅक्टर आणि मंगळ

नमस्कार मंडळी. परवा संकष्टीला आमच्या काकू साडेआठपासून गच्चीवर तीन चकरा मारून आल्या, उपास सोडायचाय आणि चंद्राचा पत्ता नाही, शेवटी माझ्यावरच चिडल्या, "तू रेडिओवर आकाशाबद्दल बोलतोस ना, मग सांग की पौर्णिमेला दिवेलागणीलाच उगवणारा चंद्र आज कुठं अडकलाय?"

काकू, अडकला नाही हो. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना रोज साधारण 12 अंश पूर्वेकडं सरकतो, त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तेवढं जास्तीचं वळावं लागतं, म्हणून तो रोज सरासरी 50 मिनिटं लेट. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांचा लेट साठला की नऊ वाजणारच.

आता चंद्राच्या कला. शाळेत मला ठाम वाटायचं की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. तसं नाही बरं का, सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात, आणि चंद्राचा रस्ता आपल्या रस्त्याला 5 अंश तिरका असल्यामुळं तो बहुतेक पौर्णिमांना सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. एक करून बघा. शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास लिंबू घेऊन गच्चीवर जा, अर्धा चंद्र तेव्हा पूर्वेकडं वर आलेला असतो, लिंबू हात लांब करून बरोबर त्याच्या शेजारी धरा. जेवढं लिंबू उन्हात उजळलेलं दिसेल तेवढाच चंद्र, तीच बाजू, तसाच तिरपा! शेजारचे बघतात जरा विचित्र, बघू देत.

थंडीचं थोडक्यात सांगतो. आत्ता जानेवारीत सांगलीत सकाळी स्वेटर निघत नाही, आणि याच महिन्याच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, 14.7 कोटी किलोमीटर, जुलैत असते 15.2 कोटी. म्हणजे अंतराचा काही संबंध नाही, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय त्याचा हा खेळ, डिसेंबरात आपल्याकडं दिवस 11 तासांचा आणि ऊन तिरकं, जूनमध्ये दिवस 13 तासांचा. मे महिन्यात 7-8 तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य सांगलीच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा विजेच्या खांबाची सावली गायब होते. ऑगस्टमध्येही पुन्हा एकदा होते, पण ढगात कोण बघणार.

मला खरं बोलायचंय ते मंगळाबद्दल. हा ग्रह ताऱ्यांमधून नीट पूर्वेकडं चाललेला असतो आणि साधारण दर 26 महिन्यांनी थांबतो, काही आठवडे चक्क उलटा जातो, मग परत सुलटा. वक्री मंगळ म्हणून पत्रिकेत घाबरवतात तो हाच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमीनं पृथ्वी मधोमध ठेवून यावर उत्तर काढलं, ग्रह छोट्या वर्तुळावर फिरतो आणि ते छोटं वर्तुळ मोठ्या वर्तुळावर. हसू नका, त्यावरून ग्रहांच्या जागा बऱ्यापैकी जमायच्या, म्हणून तर 1400 वर्षं टिकलं. आपल्याकडं आर्यभटानं 499 साली लिहिलं होतं की नावेतल्या माणसाला काठ मागं जाताना दिसतो तसे पृथ्वी स्वतःभोवती फिरल्यामुळं तारे पश्चिमेला जाताना दिसतात. पुढं 1543 मध्ये कोपर्निकसनं सूर्य मधे ठेवला आणि मंगळाचं कोडं सुटलं. केप्लरनं 1609 मध्ये वर्तुळंच काढून टाकली, लंबवर्तुळ आणलं, तेही मंगळाचीच गणितं करता करता.

कोडं कसं सुटलं ते इस्लामपूर रोडला बघायला मिळतं. उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चाललाय, आपण गाडीवरून त्याला ओव्हरटेक करतोय. तो पुढंच जातोय, पण लांबच्या झाडांसमोर बघितलं तर मागं मागं सरकताना दिसतो. आपण 365 दिवसांत फेरी मारतो, मंगळाला 687 लागतात, तेव्हा आपण त्याला ओव्हरटेक करताना तो वक्री दिसतो, बस्स एवढंच.

सीझन चालूच आहे, ट्रॅक्टर भेटेलच. फक्त लांबची झाडं मागं बसणाऱ्यानं बघायची, चालवणाऱ्यानं समोर बघा.