पिनकोड ४११००१

पुण्याच्या जीपीओचा पिनकोड ४११००१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. नोकरी केंद्रीय दळणवळण खात्यात आणि ओढा संस्कृत काव्याकडे. पहिला ४ पश्चिम विभागाचा, ४११ पुण्याचं, उरलेले तीन अंक त्या त्या पोस्टाचे. टपालखात्याचं काम इथे संपलं. आपण हिला नुसती संख्या म्हणून बघू.

हिला भाग कशानं जातो? शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ७, म्हणजे ३ पण बाद. सातनं भागलं तर बाकी ३. असं ६४१ पर्यंत जायचं, कारण पुढची मूळ संख्या ६४३ आणि तिचा वर्ग आपल्या संख्येच्या पलीकडे जातो. ६४१ पर्यंत मूळ संख्या ११६. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दुपार जाईल. १३७ पाशी वाटतं, जमलं! १३७ गुणिले ३००० बरोबर ४,११,०००. बाकी उरते १. शेवटपर्यंत एकीनंही भाग जात नाही. जीपीओचा पिनकोड मूळ संख्या आहे.

त्यातला शेवटचा ६४१ भारी आसामी. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा समज होता की २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही मूळ संख्या आहे. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं, हिला ६४१ नं भाग जातो. पुण्यात मात्र त्याची डाळ शिजत नाही, बाकी १२०.

फर्माची दुसरी गोष्ट खरी निघाली आणि तीही ऑयलरनंच सिद्ध केली. चारनं भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती जोडी एकच. ४११००१ ची बाकी १ च. मग जोडी कुठली? ४०० चा वर्ग १,६०,०००. ५०१ चा वर्ग २,५१,००१. करा बेरीज. आहेराच्या पाकिटातले पाचशे एक इथे निघावेत, हे मला तरी फार आवडलं.

आता सदाशिव पेठ, ४११०३०. पेठेची ख्याती कुणाला दाद न देण्याची, पण संख्या अगदी मनमिळाऊ. २, ३, ५, ६, ९, १०, कशानंही भागा. नव्वदनं भागलं तर उत्तर ४५६७! शिवाय अंकांची बेरीज ९, आणि ९ नं भाग जातोच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला द. रा. कापरेकरांनी नाव दिलं हर्षद संख्या. देवळालीचे हे शाळामास्तर फर्ग्युसनचे विद्यार्थी; १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं.

फर्ग्युसनचा पिन ४११००४. अंकांची बेरीज १०, आणि शेवटी शून्य नाही. हर्षद नव्हे.