खाडा

(पहाटेचा अंधार. ऊसतोड मजुरांच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, पेटलेली चूल.)

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडतात. धारूर, वडवणी, केजकडच्या वाड्यावस्त्यांवर मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. बाकी सगळे ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात.

मुकादमाच्या हिशेबात बाई एकटी धरतच नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला, आणि एक दिवस काम बुडलं तर खाडा, म्हणजे दंड, तोही जोडीलाच. पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त.

आता या हिशेबात पाळीचे दिवस बसवून बघा. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. आडोसा उसाचाच. पाळीचं कापड धुवायला पुरेसं पाणी नाही आणि चारचौघांत ते उन्हात वाळत घालायची सोय नाही. तेच ओलसर कापड पुन्हा घ्यायचं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं.

मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. गावी परतल्यावर खासगी दवाखाना. तिथं सांगतात, "गर्भाशयाची पिशवी खराब झालीय. काढा, नाहीतर कॅन्सर होईल." एवढं ऐकल्यावर कोणती बाई थांबेल? ऑपरेशनचा खर्च उचलीतून, आणि ती उचल फेडायला पुन्हा उसाचा फड.

२०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आकडा आला. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सहा बायांमागे एक! कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात. त्याच हाडांवर पुढची मोळी.

१९९४ साली कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं होतं की मूल कधी आणि किती, हे जोडप्यानं आणि बाईनं स्वतः ठरवायचं, तेही पूर्ण माहिती घेऊन, कुणाच्या दबावाशिवाय. भारत त्यात होता. फडातल्या बाईला मात्र औषधानं बरं होणारं दुखणं आणि पिशवी काढण्याजोगं दुखणं यातला फरकसुद्धा कुणी समजावला नाही.

बीडमध्ये पुढे नियम आला, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यानं पिशवी काढायची नाही. हे फार गरजेचं होतं. पण दुखणं सुरू होतं ते फडात, आणि तिथं तपासायला येणारी नर्सबाई अजून हवीच आहे. पाळीच्या दिवशी खाडा न लावता सुट्टीही हवी आहे.

(उजाडतं. बाई चुंबळ डोक्यावर ठेवते. मोळी उचलायच्या आधी क्षणभर ओटीपोटावर हात दाबून उभी राहते.)